शून्य बंड्यांचा रस्ता

...नाही, नाही, तुमीच सांगा ना बाप्पा, शून्य लिवणं हा काही गुन्हा हाय काय? म्या कोणाच्या शेताचा धुरा कोरला? कोणाच्या गंजीले काडी लावली? डोळ्यानं जे दिसलं ते लिवलं, झालं! अन् तरी आसेगावच्या पारावर बसलेला हरेक माणूस मले पाह्यलं का शेजारच्याले कोपर मारते, "तो पाह्य, शून्या मेट चालला!" अरे, जगदेव नाव हाय माह्यं! बावीस साल झाले, बोर्डाच्या रस्त्यावर मेट हाय मी. मेट म्हणजे काय, तं दहा गड्यायची टोळी, पाच फावडे, पाच घमेले, अन् त्यायच्यावर वरडणारा एक माणूस. तो मी. बावीस साल खड्डे भरले, मोऱ्या साफ केल्या, एका पावसाळ्यात तं रस्त्यावरची म्हैस उचलून बाजूले टाकली, मेलेली होती म्हणा... तं सांगत काय होतो? हां, शून्य. पह्यल्यापासून सांगतो, मंग तुमीच ठरवा चूक कोणाची. आपलं काय? आपलं काम मोजाचं!

आसेगावच्या बाहेर तो निंब हाय ना, तिथून दोन रस्ते फुटतात. एक जाते मंगरूळले. तो मोठा, तो सपाट, त्याच्यावरून बैलबंडीत झोपून गेलं तरी टोपी पडत नाही. दुसरा जाते धामणखेडले, नाला ओलांडून, अन् त्या नाल्यावर होती ते मोरी, लहान पूलच म्हणा. चुन्याची, कमानीची, माह्या बापाच्या जवानीत बांधलेली. धामणखेड म्हणजे साठ उंबरे. तीन बाजूंनं नाला अन् नदी, चौथ्या बाजूनं मोरी. मोरी हाय तं बाजार हाय, दवाखाना हाय, मीठमिरची हाय. पावसाळ्यात मोरी नसली तं चार महिने ते गाव जगात हाय का नाही हे सुद्धा आसेगावले समजणार नाही. अन् नेमकी त्याच गावात म्या माही एकुलती एक लेक देल्ली! पंचफुला. पह्यलटकरीण. बाळंतपणाले माहेरी आणाची होती, त्याच मोरीवरून.

तं तुमाले सांगतो, माघाचे दिवस होते, मी मोरीखाली उतरलो अन् पाह्यलं तं कमानीत भेग. बोट घातलं, बोट गेलं. आता शहाणा माणूस बोट काढून घरी गेला असता का नाही? पण मी पडलो मेट. म्या कमानीले कान लावला. आतून आवाज येऊन राह्यला... सर्र... सर्र... चाळणीतून पीठ पडावं तसा. वर बंडी नाही, माणूस नाही, वाऱ्याची झुळूक नाही, अन् आत आपला आपण चुना झरून राह्यला!  म्या दोन्ही हात जोडले, म्हटलं, मोरीबाई, माही लेक इकडं येऊ दे, तवापर्यंत धीर धर.

मंग आले आमचे ओव्हरसियर, दौलतसिंग साहेब, सायकलीवर. माणूस वाईट नाही बरं. पण कागदाचा माणूस. सायकलीवरून पाय खाली ठेवाच्या अगोदर कागदात पाहून घेते का इथं जमीन हाय का नाही. म्या म्हटलं, "साहेब, मोरीत भेग हाय." तं म्हणते, "जगदेव, भेग तो मेरे घर की दीवार में भी है. मी बोर्डाकडं गेलो काय?" म्या म्हटलं, "साहेब, तुमच्या भिंतीवरून बंड्या नाही जात." तं खूश झाले! म्हणते, "वा! बस, यही बात है. बंड्या! यंदा दोनातून एकच रस्ता नवा होणार, अन् वरून नवा कायदा आला. रस्ता किती खराब हाय, ते पाहाचं नाही. रस्त्यानं किती बंड्या जातात, ते पाहाचं. सात दिवस मोजाच्या. जिकडं जास्त, तो रस्ता यादीत. जिकडं कमी, तो यादीतून बाहेर."

अन् देल्ली ना मले वही! भरली बंडी एका खान्यात, रिकामी दुसऱ्या खान्यात, दमणी, म्हणजे माणसं बसाची छपराची बंडी, तिसऱ्यात, घोडा चौथ्यात. मोरीच्या अलीकडं चुन्याची रेघ मारली रस्त्यावर, आडवी. "ह्या रेघेवरून गेलं तं लिवाचं. नाही गेलं तं नाही लिवाचं. समझे?" म्या म्हटलं, समजलो. मनात म्हटलं, जितलो! काहून का, धामणखेडात बंड्या हायेत एकेचाळीस, अन् हरेक बंडी दिवसातून एकदा तरी मोरीवरून येते-जाते. मंगरूळच्या रस्त्याची काय बिशाद? मोरी झालीच समजा. घरी येऊन बायकोले, गोजराबाईले सांगतलं, "लेकीच्या वाटंवर नवी मोरी बांधून राह्यलो!" तिनं त्या दिवशी शिरा केला. तो शिरा अजून माह्या घशात अडकून हाय बाप्पा.

काहून का... तुमाले मालूम हाय का नाही, आपल्याकडं खळ्यावर ज्वारी मोजतानी कोणी 'एक' म्हणते काय? पह्यली पायली टाकली का 'लाभ' म्हणाचं, मंग दोन, मंग तीन. एक म्हटलं का बरकत जाते. गोठ्यातले वासरं कोणी बोट दाखवून मोजत नाही, लेकरायचं डोकं कोणी मोजत नाही. अन् सरकारनं मोजलं का तं मंग इचारूच नका! साहेबाचा मुक्काम पडला का बंड्या मोजत, अन् मोजल्या तितक्या बेगारीले धरून नेत. जर्मनच्या लढाईच्या साली मोजल्या, त्या चाऱ्याच्या गंज्यांसंग गेल्या, अन् त्यातल्या चार आल्याच नाही. आता असल्या लोकायपुढं मी वही घेऊन बसलो! त्यायले काय वाटलं असंन? पंचफुलाचा सासरा, रामराव पाटील, धामणखेडचा मोठा माणूस, विहिरीवर उभा राहून सांगून मोकळा झाला, "बंड्या मोजून राह्यले. लढाई येऊन राह्यली."

म्या स्वतः गेलो त्यायच्याकडं. म्हटलं, "पाटील, नाही हो! बंड्या मोजल्या तं मोरी भेटते!" पाटलानं तंबाखू मळली, माह्याकडं पाह्यलं, लेकीच्या बापाकडं पाहावं तसं नाही, चोराकडं पाहावं तसं, अन् म्हणते, "जगदेवा, सरकारनं मोजून घेतलं, असं म्या लय वेळा पाह्यलं. मोजून देल्लं, असं तू कवा पाह्यलं?" आता काय सांगता? वही काखेत मारली अन् निघालो. आपलं काय... आपलं काम मोजाचं.

पह्यल्या दिवशी बसलो सकाळपासून. एक बंडी नाही! म्हटलं, उठाले उशीर झाला असंन. दुपार झाली, बंडी नाही. रस्ता असा पडून, का जसं कोणी गाव उचलून नेलं. मंग तुळसाबाई आली, डोक्यावर ज्वारीचं अख्खं पोतं, मान वाकडी झालेली, घामानं भिजलेली. म्या म्हटलं, "बाई, बंडी कुठी हाय तुमची?" तं म्हणते, "बंडी? कायची बंडी? आमच्याकडं कवा होती बंडी?" आवो, त्याच बाईच्या बंडीतून मी लेकीच्या लग्नाचे भांडे नेलते!

अन् आवाज येत होता बरं का. नाल्याच्या खालच्या अंगानं, पळसाच्या झुडपायमागून, चाकाखाली गोटे दबून राह्यले... कर्र... कर्र... म्या कान देल्ला. घुंगरू नाही! बैलायचे घुंगरू काढले होते लेकायनं, अन् चाकायले तेल पाजलं होतं, जनमात कधी पाजलं नाही ते! झाडं तोडून, दरड कोरून, नाल्याच्या पोटातून चोरवाट काढली, एका राती! बोर्डाले एक खड्डा भराले तीन महिने लागतात, अन् ह्यायनं एका राती रस्ता केला. मी उभा राहून वरडलो, "अरे, इकडून या रे! रेघेवरून या! तुमच्याच भल्याचं हाय!" तं झुडपातून आवाज आला, "इथं कोणी नाही!"

सहाव्या दिवशी जवाई आले. रामकिसन. पायी. खाली मान घालून म्हणते, "मामाजी, एक अर्ज होता. आमची बंडी मोजू नका." म्या म्हटलं, "जवाईबापू, तुमची बंडी म्या पाह्यलीच नाही." तं त्यायनं मले हात जोडले! म्हणते, "उपकार झाले मामाजी!" म्या डोस्कं धरलं. आता तुमी म्हणान, जगदेवा, लिवून टाकाच्या होत्या वीस-पंचवीस बंड्या मनानं. कोण पाहाले येत होतं? हे गोजराबाई बी म्हणते, रोज म्हणते, जेवाले वाढतानी म्हणते. पण बावीस साल म्या बोर्डाच्या वहीत खोटं अक्षर टाकलं नाही. अन् म्या म्हटलं, साहेबाले डोळे हायेत, चाकोऱ्या दिसतीन, कोरलेली दरड दिसंन, साहेबाले समजंन. सात दिवस, सात शून्य, खाली बेरीज... शून्य. सही केली. तितक्यात मोरीखालून आवाज आला, सर्र... म्या जाऊन पाह्यलं. आता दोन बोटं जात होते.

मंगरूळच्या रस्त्यावर बोर्डाचा चपराशी बसला होता. त्याच्या सात दिवसायच्या झाल्या तीनशे बारा. साहेबानं दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या, माह्या वहीतले सात शून्य बोटानं मोजले, अन् म्हणते, "जगदेव, बावीस साल से उस मोरी पे मेहनत कर रहा है. किसके लिए? भूतायसाठी?" अन् धामणखेडचा रस्ता यादीतून बाहेर. टोळी काढून घेतली. मोरीवर कोणी फावडं नेलं तं त्याची हजेरी कापू, असा हुकूम.

आता खरी गंमत ऐका. गंमतच म्हणतो, दुसरा शब्द नाही माह्याजवळ. मंगरूळच्या रस्त्याले गिट्टी पाह्यजे. गिट्टी येते खदानीतून. अन् खदान कुठी? धामणखेडकडं! मोरीच्या पलीकडं! म्हणजे ज्या रस्त्यावरून कोणी जात नाही, त्या रस्त्यावरून, त्या मोरीवरून, रोजच्या तीस बंड्या, दगडायनं गच्च भरलेल्या, कशासाठी? तं चांगल्या रस्त्याले अजून चांगला कराले! ठेकेदार फुलचंद शेट. भला माणूस. पह्यल्या दिवशी त्यानं मोरीपाशी बंड्या थांबवल्या, स्वतः खाली उतरला, भेग पाह्यली, पांढराफटक पडला. "जगदेवभाऊ, झेलंन काय हे?" म्या म्हटलं, "शेट, साहेबाले इचारा." साहेबानं कागद पाह्यला. "मोरी खराब आहे असं यादीत नाही." "साहेब, मोरीच यादीत नाही." "मग खराब कशी असंन?"

म्या म्हटलं, "साहेब, निदान ह्या बंड्या तरी मोजू काय? रोजच्या तीस हायेत, रेघेवरून जाऊन राह्यल्या!" तं म्हणते, "मोजणी संपली." संपली! दिवसभर दगड जात. संध्याकाळी मी खाली उतरून भेगेत हात घाली. तीन बोटं. चार बोटं. आखाजीच्या आदल्या दिवशी अख्खी मूठ गेली बाप्पा, अन् आतून गार हवा लागली हाताले. भेगेतून आरपार हवा! 

अन् लेकीले आणाचा दिवस ठरला कोणता? बुधवारी निघत होती, तं गोजराबाई म्हणते, "जाशील बुधी तं येशील कधी! माही लेक बुधवारी घराबाहेर पाय नाही टाकणार." म्हणजे गुरुवार. अन् शुक्रवारी बोर्डाचे मोठे लोक काम पाहाले येणार, म्हणून गुरुवारी गिट्टी दुप्पट! म्या निरोप धाडला, मोरीवरून येऊ नका, चोरवाटंनं या. पाटलानं उलटा निरोप धाडला, "चोरवाट मालासाठी हाय. पाटलाची सून पह्यल्या बाळंतपणाले राजरस्त्यानं जाईन."

गुरुवारी पहाटंपासून मी मोरीच्या अलीकडच्या तोंडावर उभा. हातात गिट्टीची वही, काहून का साहेबाचा हुकूम, दगड किती आला ते लिव. पलीकडं दगडाच्या बंड्यायची रांग, अन् त्या रांगेत मले दिसली पाटलाची दमणी. लाल झूल. सातवी. तिच्यामागं खेमा, बंजाऱ्याचा पोक्त माणूस, फुलचंद शेटाच्या कामावरचा, जुनी बंडी, दोन पांढरे बैल. मी वरडून राह्यलो, "एकेक या! एकेक! दमणी थांबवा! लेकीले खाली उतरवा!" दगडाच्या बंड्यायच्या खडखडाटात काय ऐकू जाते? मी हात हालवून राह्यलो, दोन्ही हात, वही हातातच! पाच बंड्या गेल्या. प्रत्येक बंडीले मोरी खालून हुंकार देई. सहावी गेली. आता दमणी.  मी तोंडानं देवाचं नाव घेऊ पाहून राह्यलो, तं तोंडातून निघे, "सहा... सहा..."

अन् दमणी वळली! मोरीच्या तोंडापासून वळली अन् धाडधाड चोरवाटंत उतरली! आठवा महिना लागलेली पोर आत, अन् दमणी दगडायवरून उसळते! मी जवायाले नाही नाही त्या शिव्या देल्ल्या, ज्या जवायाले देत नसतात. अन् दमणीची जागा मोकळी झाली म्हून, मागचा खेमा पुढं सरकला.

धडाम-बिडाम काही झालं नाही बरं. लोकं उगीच वाढवून सांगतात. मोरी फक्त 'हूं' म्हटली. थकलेल्या माणसानं बसतानी म्हणावं तसं. अन् मंग तिथं मोरी नव्हती. धूळ होती. धूळ खाली बसली तवा एक बैल वरडत होता, दुसरा वरडत नव्हता, अन् खेमाचा पाय मांडीपासून दगडायखाली. आमी सोळा जणायनं काढला त्याले. पाय राह्यला तिथंच. त्याची नजर माह्यावर होती. म्हणे, "मेट, मेरा नंबर नहीं था." इतकंच म्हणे. अजूनही दवाखान्यात भेटाले गेलो का तेच म्हणते.

पंचफुला चोरवाटंनं धडधाकट वर आली. म्या जवायाले इचारलं, "काहून वळले तुमी?" तं म्हणते, "मामाजी, तुमच्या हाती वही दिसली. म्हटलं, मोजून राह्यले." ...आता हसाचं का रडाचं? ज्या भीतीनं मोरी बुडाली, त्याच भीतीनं लेक वाचली! तिसऱ्या दिवशी तिले पोरगी झाली माह्या घरी, माही नात, आठव्यातली, चिमणीएवढी, पण रडते खणखणीत.

आता साहेब आले. खड्डा पाह्यला. टोपी काढली. एक घडी त्यायच्या डोळ्यात माणूस दिसला बरं का, खोटं कायले बोलू. मंग टोपी घातली. "जगदेव, नवी मोरी झालीच पाह्यजे. पण रस्ता यादीत नाही. यादीत घ्याचा तं कायद्यानं..." म्या म्हटलं, "बोलू नका साहेब. समजलं." अन् देल्ली ना पुन्हा वही! सात दिवस!

मिरग चार दिवसांवर. इकडं पाऊस नाही, पण वर कुठीतरी पडला, अन् नाल्याले गढूळ पाणी आलं, चोरवाट गेली. आता ह्या बाजूनं मी, वही, चुन्याची रेघ, अन् रेघेपुढं दोन पुरुष खोल खड्डा. अन् पलीकडं... बाप्पा, पलीकडं अख्खं धामणखेड! एकेचाळीसच्या एकेचाळीस बंड्या, रांगेनं, बैलायच्या गळ्यात घुंगरू, शिंगायले रंग, जशा पोळ्याले निघाल्या! तुळसाबाई आपल्या बंडीत उभी राहून वरडते, "मेटभाऊ, हे पाह्य माही बंडी! लिव! लिव ना रे बाबू!" जवाई हात वर करून इचारते, "मामाजी, पोरगी कशी हाय?" पंचफुलाले पोचवून तो त्याच दिवशी परतला होता, त्यानं अजून आपल्या लेकीचं तोंड पाह्यलं नाही. अन् रामराव पाटील, ज्यानं जनमात खळ्यावरही मोठ्यानं मोजलं नसंन, तो काठावर उभा राहून एकेका बंडीवर काठी ठेवते अन् मले ऐकू यावं म्हणून वरडते, "लाभ! ...दोन! ...तीन!" रोज. सात दिवस. एकेचाळीसपर्यंत. पाणी रोज हातभर वर, अन् पाटलाचा आवाज रोज बसलेला.

पण रेघेवरून गेलं तं लिवाचं, नाही गेलं तं नाही. माह्याजवळ पेन्सिल होती. बावीस सालात पह्यल्यांदा म्या म्हटलं, लिवतो खोटं. एकेचाळीस गुणिले सात. लिवलं!  अन् तितक्यात मागून सायकलीची घंटी. साहेबानं वही घेतली, खड्डा पाह्यला, वही पाह्यली, "जगदेव, ह्या बंड्या काय उडून आल्या?" अन् आपल्या हातानं खोडून सात शून्य मांडले. मंग चष्मा पुसत म्हणते कसे, "देखा? मैंने पहलेच बोला था. इस रस्ते से कोई जाता ही नहीं."

म्या पलीकडं पाह्यलं. पाणी वर आलं होतं अन् घुंगरू वाजून राह्यले होते. म्या म्हटलं, बरोबर हाय साहेब... सही कुठी करू?